अभ्यासिकेची फी विचारता, बाहेरची वाट विचारता का?

कोहमारा टी-पॉइंटवरून नागपूरची गाडी पकडणाऱ्यांत बॅगा घेतलेली आपल्यातलीच पोरं-पोरी असतात. कुणाला एमपीएससी करायची असते, कुणाला पोलीस भरती, कुणी तर थेट दिल्लीच गाठतो. तिकडे पोहोचलं की आधी रूम, मग मेस आणि मग अभ्यासिका शोधायची. अभ्यासिका बघताना तुम्ही काय विचारता? फी किती, एसी आहे का, वायफाय चालतं का. बाहेर पडायला वाटा किती, हे कुणीच विचारत नाही.

२७ जुलै २०२४ आठवा. दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये राऊज आयएएस स्टडी सर्कलच्या बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी घुसलं आणि यूपीएससीची तयारी करणारे तिघे बुडून गेले. कागदावर ते तळघर सामान ठेवण्यासाठी होतं, प्रत्यक्षात तिथे लायब्ररी चालायची. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा कोचिंग सेंटरना मृत्यूच्या कोठड्या म्हटलं.

तेव्हा सगळी चर्चा तुंबलेल्या नाल्यांवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पाऊस नसतानाही तळघर धोक्याचंच असतं, कारण जायला-यायला बहुतेकदा एकच जिना. आग लागली की धूर वर चढतो, आणि त्यालाही तोच जिना सापडतो. तुम्ही त्या धुरातून वर येणार आणि फायर ब्रिगेडचे लोक त्याच जिन्याने खाली उतरणार. कसं जमायचं?

अमेरिकेत घराचं बेसमेंट राहण्याजोगं करायचं तर सुटकेची खिडकी लागते. तिथल्या निवासी बांधकामाच्या नमुना नियमांत तिची मापंच दिली आहेत: उघडल्यावर किमान ५.७ चौरस फूट मोकळी जागा, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. (२० गुणिले २४ करून बघा, साडेतीन चौरस फूटसुद्धा भरत नाही. म्हणजे दोन्ही मापं कमीत कमी ठेवून सुटका नाही.) खिडकीबाहेर खड्डा खोल असेल तर शिडी हवी. ग्रील लावली तर ती आतून, चावीशिवाय उघडली पाहिजे. आपल्याकडे मात्र खिडकी म्हटली की आधी पक्की ग्रील, मग तिच्यासमोर कपाट.

‘आग वगैरे मोठ्या शहरात’ असं वाटत असेल, तर २१ डिसेंबर २०१६ ला गोंदियातच हॉटेल बिंदल प्लाझाला आग लागून सात जण गेले. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमधल्या क्लासमध्ये २२ विद्यार्थी दगावले. खिडक्या होत्या, पण त्या वरच्या मजल्यावर, म्हणून पोरांनी उड्या टाकल्या. तळघराची खिडकी उलट जमिनीलगत निघते. चढून आलात की तुम्ही थेट बाहेर.

पण पुरात हीच खिडकी पाणी आत घेणारं तोंड ठरते. त्यामुळे खिडकी बसवली म्हणजे तळघर अभ्यासाला चाललं, असं मला वाटत नाही. आपल्या बांधकाम नियमांतही तळघर मुख्यतः पार्किंग, साठवण आणि यंत्रांसाठीच असतं. साठ-सत्तर खुर्च्या मांडायची ती जागाच नव्हे. तरीही मांडल्या जातात, कारण भाडं कमी पडतं आणि आपण तिथे बसतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्याला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. पुढच्या वेळी ॲडव्हान्स द्यायच्या आधी शेवटचं फॉर्म बी दाखवा म्हणा. मग जिन्याकडे पाठ करून उभे राहा आणि दुसरी वाट कुठे आहे, ते काउंटरवरच्या दादाला विचारा.