पंचनामा आणि मलमपट्टी यांच्यामधला वेळ

जानेवारी २०२१ मध्ये पोलादपूर तालुक्यातील कुडपणजवळ वऱ्हाडाचा ट्रक दरीत कोसळला. माणसे प्राणास मुकली. अशा प्रसंगी पोलीस पंचनामा करतात, डॉक्टर जखमा बांधतात. परंतु दरीपासून रुग्णालयापर्यंत जो वेळ जातो, त्याचा जाब कोणाला विचारायचा? वकील तो वैद्यकाचा विषय मानतो, डॉक्टर कायद्याचा. म्हणूनच कायदा व सार्वजनिक आरोग्य यांची संयुक्त पदवी ही चैन नसून डोंगरातल्या माणसाची गरज आहे.

हक्क कागदावर आहेच. पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेने लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग होय आणि पैशाच्या टंचाईची सबब सरकारला सांगता येणार नाही. परंतु हा निकाल कुडपणच्या कामी यायचा, तर रुग्णवाहिकेच्या फेऱ्या, रक्ताचा साठा आणि मृत्यूच्या नोंदी यांतून पुरावा उभा करणारा वकील हवा.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे अशी संयुक्त पदवी देतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी कायद्याच्या पदवीबरोबर दुसरी नियमित पदवी घेण्यास मनाई केली. अपवाद ठेवला तो एकाच संस्थेतील एकात्म अभ्यासक्रमाचा. त्या अपवादाच्या आधारे कायदा व वाणिज्य, कायदा व व्यवस्थापन यांच्या जोडपदव्या राजरोस चालतात. भांडवलाला लागणारी सांगड शिष्टसंमत, रोग्याला लागणारी मात्र कोणाच्या ध्यानीमनी नाही! महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये सत्याग्रह करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी यांचा अभ्यास बरोबरीनेच केला होता. पिण्याच्या पाण्याच्या त्या लढ्याचा न्यायालयीन शेवट मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये झाला. पाणी, आरोग्य आणि कायदा यांची फारकत महाडच्या मातीला तरी मान्य नाही.

‘आधी रस्ता द्या, डॉक्टर द्या, पदव्यांचे मागाहून पाहू,’ असे काही मित्र म्हणतील. परंतु रस्ता आणि डॉक्टर उपकार म्हणून मिळाले, तर ते उपकारासारखेच काढूनही घेतले जातात. हक्क म्हणून ते वसूल करणारी माणसे घडविणे हे त्याच लढ्याचे अंग आहे. हे शिक्षण खासगी विद्यापीठांच्या हाती गेले, तर त्यातून विमा कंपन्यांचे आणि औषध कारखानदारांचे सल्लागारच निपजतील.

म्हणून मागणी नेमकी हवी : सरकारी विद्यापीठात एकात्म अभ्यासक्रम, गरिबाला झेपेल एवढे शुल्क आणि एक संपूर्ण सत्र डोंगरी तालुक्यात. कार्यकर्त्यांनी ही मागणी रस्त्याच्या मागणीबरोबरच गावोगावच्या ग्रामसभांत मांडावी. कुडपणच्या मुलीने ही पदवी घेऊन आपल्याच तालुक्याच्या वतीने न्यायालयात उभे राहावे, यात अशक्य ते काय आहे?