पाणी मुरतंय कुठे?

जोराचा पाऊस आला की तळमजल्याच्या बाथरूममध्ये घाण पाणी उलटं वर येतं आणि आपलं ठरलेलं वाक्य तयार असतं, "ड्रेनेज तुंबलं!" मित्रांनो, माझं मत थोडं वेगळं आहे. फक्त पावसातच असं होत असेल, तर त्या लाइनमध्ये नको ते पाणी शिरतंय.

आपल्याकडे सांडपाण्याची लाइन आणि पावसाळी गटार वेगवेगळी असतात, निदान ड्रॉइंगवर तरी! प्रत्यक्षात गच्चीचा पाइप जवळ दिसेल त्या चेंबरमध्ये सोडून मोकळे होतात. साधं गणित करू. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर झाले 108 लिटर. 1000 चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 लिटर! म्हणजे सुमारे 460 जणांचं दिवसभराचं सांडपाणी एका तासात. पाइप बिचारा काय करणार?

दुसरा चोर जमिनीखालचा. पावसाळ्यात भूजल वर येतं आणि फुटक्या जोडांतून, विटांच्या चेंबरमधून आत झिरपतं. त्याला पकडायचं तर रात्री तीनला प्रवाह मोजावा. तेव्हा (हॉस्टेल सोडून) सगळं गाव झोपलेलं असतं. तरीही लाइन भरून वाहत असेल, तर समजून जावं.

हे फुकटचं पाणी पंपाने उचलायचं, त्याचं वीजबिल भरायचं. शुद्धीकरण केंद्रात लोंढा आला की सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूच वाहून जातात, आणि न मावलेलं पाणी तसंच नदीत. मग मागणी होते, 'प्लांट मोठा करा.' नळ बंद करायचा सोडून बादली मोठी आणण्यातला हा प्रकार!

झाकण उघडून पाणी सोडणं तर जिवावरचं. 29 ऑगस्ट 2017 च्या मुंबईतल्या पुरात डॉ. दीपक अमरापूरकर यांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला, हे विसरू नका.

उपाय स्वस्त आहे. गच्चीच्या पाइपात बादलीभर रंगीत पाणी ओता. चेंबरमध्ये रंग दिसला की चोर सापडला. तो पाइप पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात वळवा. खड्डा मात्र ड्रेनेज लाइनपासून लांब घ्या, नाहीतर तेच पाणी फुटक्या जोडातून परत आत!

सिव्हिलच्या सरांना एकच विनंती : यंदा टर्मवर्कला आपल्याच हॉस्टेलचे चेंबर द्या ना. रंग आम्ही आणतो!