पुरावा काय?



दिवा-रोहा गाडीने आम्ही काही मंडळी नेहमी ये-जा करतो. कोणी पेणला कचेरीत, कोणी नागोठण्याच्या कारखान्यात, तर कोणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत. पत्ते कुटण्यापेक्षा बरे म्हणून आम्ही एक खेळ लावून घेतला आहे. एकाने इतिहासातला, विशेषतः लष्करी इतिहासातला प्रश्न टाकायचा आणि बाकीच्यांनी रोहा येईपर्यंत उत्तर द्यायचे. उत्तर चुकले तर चहा आपल्याकडे. नियम मात्र एकच. उत्तर कोणाचेही असो, बाकीचे विचारणार, "पुरावा काय?" आणि "आमचे आजोबा सांगायचे" हा पुरावा धरला जात नाही.

या खेळाची गोडी लागली म्हणून रोह्याकडच्या एका विहारात मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली. प्रश्न विचारायचे काम आमच्याकडे आले. आम्ही ऐटीत विचारले, "कोरेगावच्या लढाईत पाचशे महारांनी पेशव्यांच्या किती फौजेला हरविले?" अपेक्षित उत्तर होते अठ्ठावीस हजार. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमचा प्रश्नच चुकला आहे. स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावे आहेत, त्यांत 'नाक' लागलेली २२. मग पाचशेच्या पाचशे महार कसे?"

विहारात शांतता पसरली. मागे बसलेले एक ज्येष्ठ गृहस्थ रागावले. "आपलीच पोरे आपल्या इतिहासावर शंका घ्यायला लागली!" आम्हालाही क्षणभर घाम फुटला. पण गाडीतला नियम विहारात मोडायचा कसा? आम्ही त्या मुलीला पूर्ण गुण दिले आणि घरी येऊन पुस्तके उघडली.

खरी हकिगत अशी. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघून कोरेगावला पोचला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे आठशे माणसे होती. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पलटणीचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशेच्या वर घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. पलटणीत महार मोठ्या संख्येने होते, तसे मराठे, राजपूत, मुसलमानही होते. आपल्या कुलाब्यातले बेने इस्रायल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणतो, तेही या पलटणींत असत. पेशव्यांची एकंदर फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात होती, पण प्रत्यक्ष गावात घुसून लढली ती सुमारे दोन हजारांची तुकडी. स्टॉन्टनकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशे. पाण्याविना दिवसभर झुंज झाली आणि गाव हातचे गेले नाही.

आता सांगा, यात आपला कमीपणा कुठे आला? ४९ नावांत २२, म्हणजे जवळजवळ निम्मी. ज्यांची सावली विटाळ मानली जात होती त्यांची नावे दगडावर कोरली गेली, हा इतिहास थोडा आहे काय? त्याला फुगवण्याची गरज नाही. उलट फुगवलेला एक आकडा खोटा ठरला की ज्यांना आपला सगळाच इतिहास पुसायचा आहे त्यांचे काम आपणच सोपे करून देतो.

पुढचा इतिहास तर आणखी बोलका आहे. ज्यांनी रक्त सांडले त्याच महारांची भरती इंग्रजांनी १८९२च्या सुमारास बंद केली. त्याविरुद्ध अर्ज लिहिणारे पहिले गृहस्थ, निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

एकदा गाडीत आम्ही प्रश्न टाकला, "महाडच्या दुसऱ्या परिषदेला जाताना बाबासाहेब धरमतरवरून का गेले नाहीत?" धरमतर पेणपासून हाकेच्या अंतरावर, तरी एकालाही उत्तर आले नाही. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. धरमतरला उतरून मोटारीने महाड गाठता आले असते, पण तिथल्या मोटारवाल्यांनी सत्याग्रहींवर बहिष्कार टाकला होता. म्हणून दासगावला उतरून पाच मैल पायी जावे लागले. चहा त्या दिवशी सगळ्यांनी मिळून दिला, पण गप्पा कोणी मारल्या नाहीत.

शेवटी घरचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या पणजोबांना पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक मिळाले होते असे आजी सांगायची. एका अडचणीच्या पावसाळ्यात ते सोनाराकडे गेले आणि वितळले. आजीला आम्ही दोष देत नाही, घरात चूल पेटायची होती. पण पुढे आम्हाला कळले की त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण उमटवलेली असे. म्हणजे चांदीबरोबर पुरावाही वितळला. आज गाडीत कोणी विचारले, "तुमचे पणजोबा कोणत्या पलटणीत होते? पुरावा काय?" तर आम्हाला चहाच द्यावा लागेल.

म्हणून माताभगिनींना विनंती आहे. घरातली जुनी ट्रंक एकदा उघडा. पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद, पदक, पलटणीतला फोटो, जे सापडेल ते रद्दीत किंवा मोडीत घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवा आणि म्हातारी माणसे आहेत तोवर नावे विचारून मागे लिहून ठेवा.

आता या वेळचे प्रश्न. एक, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधील कोणत्या अधिकाऱ्याला श्रीलंकेतील कामगिरीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले? दोन, या रेजिमेंटमधून आलेले दोन लष्करप्रमुख कोण? यांची उत्तरे पुढच्या अंकात देऊ.

तिसरा प्रश्न, तुमच्या घरातले कोण पलटणीत होते? याचे उत्तर आमच्याकडे नाही. ते तुमच्या ट्रंकेत आहे.

जयभीम!