गोळी घे आणि कामाला लाग!

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली डॉक्टरांना न विचारता परस्पर औषधे घेतात, अशी ओरड अधूनमधून होते आणि दर वेळी एकच उपाय सुचविला जातो : प्रबोधन. जणू या मुली अडाणीच आहेत! वास्तविक प्रतिजैविकांचा वापर, वेदनाशामकांमुळे जठराला व मूत्रपिंडांना पोहोचणारी इजा, हे सारे त्यांच्या अभ्यासक्रमातच असते. जाणणारेच जेव्हा सर्रास चुकतात, तेव्हा दोष परिस्थितीत शोधावा लागतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार पदवी परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची उपस्थिती १०० टक्के भरावी लागते. रुग्णाच्या जिवाशी गाठ असलेल्या व्यवसायात हा कडकपणा गैर नाही. परंतु जेथे परिचारिकांची पदे रिकामी ठेवून त्यांचे काम विद्यार्थिनींकडून उरकून घेतले जाते, तेथे हाच नियम वेठबिगारीचे हत्यार बनतो. अंगात ताप असूनही मुलगी रजा मागत नाही. मैत्रिणीजवळची गोळी घेते आणि रात्रपाळीला उभी राहते. राबताना ती कामगार. आजारी पडताच मात्र विद्यार्थिनी! पगारी रजा आणि कामगार विमा यांवर तिचा हक्क नाही. रुग्णालयाने वाचविलेला वेतनखर्च असा तिच्या शरीरातून वसूल होतो.

औषधविक्रीवर निर्बंध हवेत, हे खरेच. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्टातील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक आहे. त्याची कसोशीने अंमलबजावणी व्हावी. कारण अकारण घेतलेल्या प्रतिजैविकांनी जंतू निर्ढावतात आणि त्याची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागते. पण दुकानाची वाट अडविली म्हणजे डॉक्टरांची वाट आपोआप खुली होत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. विद्यार्थिनींना मोफत व गोपनीय वैद्यकीय तपासणी मिळावी. आजारपणात बुडालेले दिवस दंडाविना व अपमानाविना भरून देण्याची सोय असावी. वॉर्डातील मनुष्यबळात त्यांची गणना होऊ नये. रिक्त पदे तातडीने भरली जावीत. परिचारिकांच्या संघटनांनी या मुलींना आपल्या लढ्यात सामील करून घ्यावे आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत हा प्रश्न लावून धरावा. रुग्णसेवेचे शिक्षण घेणारी मुलगी स्वतः रुग्ण झाली, तर तिला विश्रांतीचा हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेने तिलाच प्रबोधनाचे डोस पाजणे आता पुरे झाले.