नटाचें नांव आणि गांवाचें नांव

सिनेमांतील नटनट्यांच्या आवडीनिवडींची चर्चा शेतकीच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील. परंतु ज्या वस्तूच्या आवडीविषयीं आम्ही लिहीत आहों, ती वस्तु शेतकऱ्याच्या घामांतून निर्माण झालेली आहे, आणि त्या आवडीच्या हकीकतींतून आपल्या धंद्यास उपयोगी असा धडा निघतो. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा मुळींच उद्देश नाहीं. द्राक्षें पिकविणारा आणि त्याच्या मालाचें नांव, एवढाच आमचा विषय आहे.

अमेरिकेंतील विख्यात नट ब्रॅड पिट व नटी अँजेलिना जोली यांनीं २००८ सालीं फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतांतील मिरावाल ही इस्टेट आपल्याकडे घेतली. कोरेन्स गांवानजीकची ही जागा सुमारें ५०० हेक्टर, म्हणजे बाराशें एकरांहून अधिक आहे. तिच्यांत डोंगर, झाडी व जुने द्राक्षमळे आहेत. उत्तम फ्रेंच वाईनची गोडी असलेल्या पिट यांनीं नुसता पेला हातीं धरण्यापेक्षां वाईन करण्याचेंच मनावर घेतलें. २०१२ च्या पिकाची गुलाबी वाईन २०१३ च्या मार्चमध्यें विक्रीस निघाली, आणि पहिल्या ६,००० बाटल्या कांहीं तासांतच संपल्या. जाणकारांनींही ती नांवाजली. लोक म्हणाले, हा सारा नटाच्या नांवाचा महिमा!

आमच्या मतें हें अर्धेंच सत्य आहे. बाटली एकदां खपते ती नांवानें. दुसऱ्या वर्षीं गिऱ्हाईक परत येतें तें चवीमुळें. आणि ही चव नटाची नव्हती. पिट यांनीं वाईनचें काम पेरँ कुटुंबाबरोबर भागीदारी करून त्यांजकडे सोंपविलें. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतील शातोनफ द्यू पाप या गांवचा बोकास्तेल मळा १९०९ पासून या घराण्याकडे आहे. हें घराणें ज्या गांवचें, त्या गांवाची हकीकत नटाच्या हकीकतीहून कितीतरी मोलाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्सच्या द्राक्षवेली मुळांपासून खाऊन फस्त केल्या. माल दुर्मिळ झाला तेव्हां व्यापाऱ्यांनीं साखरपाण्याची बनावट वाईन विकण्यास सुरुवात केली. पुढें वेली पुन्हां उभ्या राहिल्या, पण भाव उभे राहिले नाहींत. १९०७ सालीं दक्षिण फ्रान्समध्यें लाखों द्राक्षउत्पादक रस्त्यावर आले. नार्बोन शहरांत सैनिकांच्या गोळ्यांनीं माणसें मेलीं. प्रसिद्ध गांवांचीं नांवें तर कोणीही कोणत्याही पिंपावर लिहीत असे.

अशा वेळीं शातोनफच्या उत्पादकांनीं नुसती सरकारकडे दाद मागितली नाहीं. १९२३ च्या सुमारास बॅरन ल रॉय या वकिलीचें शिक्षण घेतलेल्या मळेवाल्याच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं आपला संघ उभारला आणि प्रथम स्वतःसच नियम घालून घेतले. ज्या जमिनींत लव्हेंडर व थाइम यांसारख्या रुक्ष भूमींतील वनस्पति उगवतात, तीच जमीन या नांवास पात्र; अमुक जातींचींच द्राक्षें; छाटणी ठरल्या पद्धतीची; तोडणीच्या वेळीं निकृष्ट माल वेगळा काढलाच पाहिजे; मद्यार्क साडेबारा टक्क्यांहून कमी नसावा. आज तेथें हेक्टरीं ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरीं सुमारें चौदाशें लिटर, एवढीच सर्वसाधारण उत्पन्नाची मर्यादा आहे. अधिक पिकविण्याची ऐपत असतां कमी पिकवावयाचें, ही गोष्ट आपणांस चमत्कारिक वाटेल. पण त्यांच्या भावाचें रहस्य त्यांतच आहे. १९३५ सालीं फ्रान्सनें मूळस्थानाच्या नांवांचें संरक्षण करणारा कायदा केला, आणि १९३६ सालीं शातोनफ द्यू पापचें नांव त्याखालीं मान्य झालें. कायदा मागाहून आला. गांवची शिस्त आधीं होती.

आतां पुन्हां मिरावालकडे वळूं. २०१६ सालीं पिट-जोली यांचा संसार मोडला. २०१७ सालीं पिट यांनीं आपण मद्य सोडल्याचें स्वतःच जाहीर केलें. २०२१ सालीं जोली यांनीं आपला हिस्सा एका परकी मद्यकंपनीस विकला, आणि २०२२ पासून तो वाद कोर्टांत गाजूं लागला. आवड ओसरली, संसार मोडला, हिस्से विकले गेले. परंतु त्या बाटलीवरील ‘कोत द प्रोव्हान्स’ हें १९७७ सालीं मान्यता पावलेलें नांव जेथल्या तेथें राहिलें. तें नांव ना पिट यांचें, ना जोली यांचें. तें कोणास विकतां येत नाहीं, कोणा सावकारास गहाण टाकतां येत नाहीं. त्या प्रदेशांत नियमानें पिकवून वाईन करणाऱ्या प्रत्येकाचें तें आहे. लहान मळेवाल्याचाही त्यावर तितकाच हक्क आहे.

नटांच्या पैशानें कांहींच भलें होत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्यामुळें त्या प्रांताच्या गुलाबी वाईनला नवीं गिऱ्हाइकें मिळालीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दुसऱ्याच्या नांवावर बांधलेलें घर दुसऱ्याच्या मर्जीवर उभें असतें. याचा अनुभव आपल्याकडेही आला आहे. नाशिककडील अनेक बागाईतदारांनीं वाईनच्या जातींच्या बागा कारखान्यांच्या भरंवशावर लावल्या; २००९ च्या सुमारास मागणी बसली, तेव्हां कित्येकांना त्या बागा तोडाव्या लागल्या. बारीक मण्यांचा व बियांचा तो माल खाण्याच्या बाजारांतही चालत नाहीं. ज्याच्यापाशीं स्वतःचें नांव नाहीं, त्याला एकच गिऱ्हाईक असतें, आणि एकच गिऱ्हाईक असलेल्याला भाव ठरवितां येत नाहीं.

आपल्या देशांतही भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालीं झाला असून २००३ पासून अमलांत आहे. नाशिकचीं द्राक्षें व वाईन, सांगलीचा बेदाणा, जळगांवचीं केळीं, सोलापूरचें डाळिंब, कोंकणचा हापूस, लासलगांवचा कांदा यांस मानांकन मिळालें आहे. पण संस्थेच्या कपाटांतील प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या पेटीवर आपोआप उतरत नाहीं. त्याकरितां ज्यानें त्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घेतली पाहिजे, व दर दहा वर्षांनीं मानांकनाचें नूतनीकरण होतें कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. त्याहून कठीण काम पुढेंच आहे. परगांवचा आंबा कोंकणच्या पेटींत भरणारा व्यापारी जितका दोषी, तितकाच आपली पेटी व आपलें नांव त्याला भाड्यानें देणारा बागाईतदारही दोषी आहे.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे कीं, आपल्या मालाचें कौतुक करणारा कोणी नामांकित पुरुष भेटेल याची वाट पाहत बसूं नये. गांवोगांवच्या संघांनीं एकत्र बसून आपल्या मालाची सीमा, जात, प्रत व उत्पन्नाची मर्यादा ठरवावी. ती मोडणाऱ्यास, मग तो भाऊबंद कां असेना, संघानें नांव वापरूं देऊं नये. नट येतील आणि जातील. गांवाची पत मात्र गांवकऱ्यांनींच राखावयाची असते.