लिंबू गाडी

आपल्याकडे नवी गाडी घेतली की बंपरला लिंबू-मिरची बांधतात. अमेरिकेत मात्र काही वेडे लोक लिंबूच विकत घेतात आणि थेट रेसला नेतात! तिकडच्या बोलीत 'लेमन' म्हणजे सतत बिघडणारी, कुणीतरी गळ्यात मारलेली गाडी. फ्रान्समधल्या ल मान्सला 1923 पासून 24 तासांची जगप्रसिद्ध रेस होते. तिची टर उडवत 2006 साली कॅलिफोर्नियात '24 अवर्स ऑफ लेमन्स' सुरू झाली. मुख्य अट काय, तर गाडी 500 डॉलरच्या आत बसली पाहिजे. म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस हजार. आपल्या पार्किंगमधल्या कितीतरी बाईक्स यापेक्षा महाग आहेत.

(आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नको!)

नाव 24 तासांचं असलं तरी बहुतेक वेळा रेस शनिवार-रविवार मिळून 14-15 तासांची असते. टीममध्ये अनेक ड्रायव्हर. रेसच्या आधी परीक्षक गाडीभोवती फिरतात आणि एकेक पार्ट दाखवून विचारतात, हा कुठून आणला, कितीला आणला? खोटं वाटलं तर 500 च्या वरच्या दर 10 डॉलरला एक लॅप दंड. आमच्या व्हायव्हापेक्षा कडक! पण जुन्या गाडीतला रेडिओ, गालिचे, मागची सीट विकून आलेले पैसे हिशोबातून वजा करता येतात. म्हणजे आपल्या भंगारवाल्याचंच गणित. एका टीमने तर 2013 साली सेसना विमानाचं धड एका टोयोटा व्हॅनच्या सांगाड्यावर बसवून रेसला आणलं होतं. आणि सगळ्यात मानाचं बक्षीस पहिल्या आलेल्या गाडीला नसतंच. जी गाडी सगळ्यात खटारा असूनही कुणाला वाटलं नव्हतं इतकी पळाली, ते तिचं.

आता तुम्ही म्हणाल, हिला हे आत्ताच का आठवलं? कारण आपल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी असलेली पांढरी मारुती 800. कार्बोरेटरवालं जुनं मॉडेल. मी फर्स्ट इयरला आले तेव्हापासून ती तिथेच आहे. बॉनेटवर पाटी : 'हात लावू नये'. आम्ही तिच्याभोवती गोल उभं राहून 'स्टडी ऑफ फोर स्ट्रोक इंजिन' लिहितो, म्हणजे सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो. तीन सिलिंडर, 796 सीसी, सगळं तोंडपाठ. ती चालू होते का, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मिरजेला घरामागच्या गॅरेजमध्ये महिनाभर जात होते. (आई म्हणाली, "लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत, फक्त बघत बसले.) तिथे एक अशीच 800 आली. रेडिएटरमध्ये बुडबुडे, डिपस्टिकला दुधाळ चहासारखं ऑईल. गॅरेजवाल्या काकांनी लांबूनच सांगितलं, "हेड गॅसकेट उडाली." नवी गॅसकेट बसवून हेड कसायचं काम त्यांनी मला दिलं. मी ऐटीत गोटी पाना घेतला आणि एका टोकापासून बोल्ट कसायला सुरुवात केली. दुसऱ्याच बोल्टला काका ओरडले, "अगं ताई, थांब! मधनं सुरू कर, आलटून-पालटून, थोडं थोडं. नाहीतर हेड वाकडं बसंल." हेच उत्तर मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. पूर्ण मार्क पडले होते! त्या दिवशी कान इतके तापले की विचारू नका.

लेमन्समध्ये रोज हेच होतं. तासन्‌तास गाडी पळवायची म्हटल्यावर वेगाला कोण विचारतो? आधी पाणी उकळतं. वळणावर ऑईल चेंबरच्या एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं. ब्रेक इतके तापतात की ब्रेक ऑईलला उकळी फुटते आणि पेडल सरळ खाली जातं. मग पिटमध्ये पालथं पडून शोधा काय झालं ते! हीट ट्रान्सफर, फ्लुइड मेकॅनिक्स, मशीन डिझाइन, आपण सगळ्यात पास आहोत. एटीकेटीवाले धरून.

"बाजाची टीम आहे ना आपली?" असं एक मित्र म्हणाला. आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. बाजा एसएई इंडियाची 4 तासांची एंड्युरन्स काढणं म्हणजे खायचं काम नाही. पण टीममध्ये 25 जण, आणि हॉस्टेलमध्ये आम्ही किती? शिवाय पेट्रोल गटात सगळ्यांना सारखंच इंजिन, त्यात बदल करायला बंदी. तिथे आपण कोऱ्या कागदावरून गाडी बनवतो. दुसऱ्याने वीस वर्षं वापरलेल्या गाडीचं दुखणं ओळखणं हे वेगळंच शिक्षण आहे, आणि नोकरीत पहिल्या दिवशी आपल्यासमोर तेच येणार.

खरा प्रश्न सरांनी विचारला. मी परवानगी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "कुणाला लागलं तर जबाबदार कोण?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, आणि तेही लेमन्सच्याच नियमांतून. त्या 500 डॉलरमध्ये रोल केज, रेसिंग सीट, बेल्ट, ब्रेक, टायर धरतच नाहीत! त्यांवर हवा तेवढा खर्च करा. हे नसेल तर गाडी ट्रॅकवर जाणार नाही, मग विमान आणा नाहीतर रणगाडा. या सगळ्याला मूळ गाडीच्या कितीतरी पट पैसे लागतात. इंजिनात हवा तेवढा जुगाड चालतो, जिवाच्या बाबतीत अजिबात नाही. आपलं उलट आहे. टाकीवर स्टिकर 800 रुपयांचे आणि हेल्मेट रस्त्याकडेचं 200 चं. आमचे काका हाडाचे मेकॅनिक, पण तेही नुसत्या जॅकवर गाडी चढवून शेजारी दोन विटा लावतात आणि खाली शिरतात. मी पण शिरले होते. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून माझी मागणी अशी. रेस नको, रस्ता नको. डिपार्टमेंटने 800 साठी 15,000 रुपयांची मर्यादा घालावी आणि बिलं व्हायव्हासारखी तपासावीत. जॅक स्टँड, अग्निशामक, ग्लोव्ह्ज, गॉगल, नवे ब्रेक आणि बेल्ट हा खर्च त्या बाहेरचा, आणि आधी तोच. हे आल्याशिवाय एकही बोल्ट उघडायचा नाही. मग सेमिस्टरच्या शेवटी मागच्या ग्राउंडवर, सर समोर असताना, 20 च्या स्पीडने गाडी सलग 6 तास चालवून दाखवायची. बंद पडली तर जिथे पडली तिथे दुरुस्त करायची.

माझ्या माहितीप्रमाणे चावी स्टोअरमध्ये आहे आणि शनिवारी दुपारी 2 नंतर वर्कशॉप रिकामं असतं. लेडीज हॉस्टेलमधून आम्ही चौघी तयार आहोत. बॉइज हॉस्टेलवाल्यांनी आपापला पाना घेऊन यावं. आमचे परत मिळत नाहीत.