अणुनिर्यात नियंत्रण

अण्वस्त्रनिर्मितीस उपयोगी पडू शकणारी द्रव्ये, यंत्रसामग्री व तंत्रज्ञान परदेशी पाठवण्यावर राष्ट्रांनी घातलेल्या कायदेशीर बंधनांना अणुनिर्यात नियंत्रण म्हणतात. १९७० साली अमलात आलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या तिसऱ्या कलमानुसार, अण्वस्त्रे नसलेल्या देशास विखंडनक्षम द्रव्य किंवा त्यासाठी खास बनवलेली सामग्री देताना आंतरराष्ट्रीय तपासणीची अट घालणे बंधनकारक आहे. मात्र 'खास बनवलेली' म्हणजे नेमकी कोणती, हे करारात सांगितलेले नाही. नियंत्रणाचा पुढील इतिहास बव्हंशी या शब्दांचा अर्थ वाढवत नेण्याचा आहे आणि ही वाढ बहुधा एखादी पळवाट उघड झाल्यानंतरच झाली.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यातील प्लुटोनियम तुर्भे येथील सायरस अणुभट्टीतून आले होते. ही अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली होती व तिला जड पाणी अमेरिकेने पुरवले होते. साहाय्य शांततामय कार्यासाठीच वापरण्याची अट होती. हा स्फोट शांततामय असल्याची भारताची भूमिका होती. पुरवठादार देशांना ती मान्य झाली नाही. १९७५ साली ते लंडनमध्ये एकत्र आले व त्यातून अणुपुरवठादार गट निर्माण झाला. त्याची मार्गदर्शक तत्त्वे १९७८ साली प्रसिद्ध झाली.

== तारापूरचे इंधन ==

त्याच वर्षी अमेरिकेने अण्वस्त्र प्रसारबंदी कायदा केला. ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प तपासणीखाली नाहीत, त्यास इंधन देण्यास या कायद्याने प्रतिबंध केला. तारापूर अणुवीज केंद्रास इंधन पुरवण्याचा करार मात्र १९६३ सालीच झालेला होता. केंद्र स्वतः आंतरराष्ट्रीय तपासणीखाली होते. तरीही देशातील इतर प्रकल्प तपासणीबाहेर असल्यामुळे त्याचा पुरवठा अडला. अखेर १९८२ साली इंधन पुरवण्याची जबाबदारी फ्रान्सने स्वीकारली. नवा कायदा जुन्या करारास लावला, की पुरवठादाराच्या शब्दावरील विश्वास कमी होतो आणि ग्राहक देश स्वावलंबनाकडे, म्हणजे तपासणीबाहेरच्या मार्गाकडे, अधिक झुकतो. तारापूरच्या प्रकरणातील ही बाजू पाश्चात्त्य लेखनात फारशी विचारात घेतली जात नाही.

== दुहेरी उपयोगाच्या वस्तू ==

आखाती युद्धानंतर इराकमध्ये झालेल्या तपासणीत गुप्त अण्वस्त्र कार्यक्रम आढळला. त्यासाठी परदेशांतून घेतलेली बरीच सामग्री सामान्य औद्योगिक वापराचीही होती. त्यामुळे १९९२ साली गटाने दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची स्वतंत्र यादी केली. विशिष्ट पोलाद, निर्वात पंप, अचूक यंत्रहत्यारे अशा वस्तू कारखान्यांतही लागतात आणि युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या कामीही येतात. येथे वस्तूपेक्षा ती घेणाऱ्याचा हेतू तपासावा लागतो, आणि कायद्याला सर्वांत अवघड जाते ते हेच.

ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे जाणाऱ्या 'बीबीसी चायना' या जहाजावर सेंट्रिफ्यूजचे भाग सापडले. ते मलेशियात तयार झाले होते व दुबईमार्गे निघाले होते. व्यवहारामागे पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचे जाळे होते. मलेशिया व संयुक्त अरब अमिराती अणुपुरवठादार गटाचे सदस्य नव्हते, त्यामुळे गटाचे नियम त्यांना लागू नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी सुरक्षा परिषदेने २८ एप्रिल २००४ रोजी ठराव १५४० संमत केला. निर्यात, दलाली व मालाची वाहतूक यांवर देशांतर्गत कायदे करणे त्याने सर्वच राष्ट्रांवर बंधनकारक केले. भारताने २००५ साली सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयी कायदा केला व २०२२ साली दुरुस्ती करून अशा कृत्यांना अर्थसाहाय्य करण्यासही मनाई केली.